ढगाची चतुःसीमा

सोमवारी सकाळी चहाचा दुसरा कप तोंडाला लावणार, तोच नृसिंहराव कुरुंदवाडकरांना त्यांच्या मोबाइलनं कळवलं, की जागा शिल्लक नाही.

हे वाक्य नृसिंहरावांनी तेहतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं. भूमी अभिलेख खात्यात ते मोजणीला होते. हद्दीच्या दगडावरून दोन भावांत जुंपलेली असायची आणि मधोमध टेप धरून उभे असलेले नृसिंहराव आवाज न चढवता सांगायचे, ‘‘नकाशाप्रमाणे जागा शिल्लक नाही.’’ करवीर तालुक्यात या वाक्यापुढं कुणी बोलत नसे. आता निवृत्तीच्या सातव्या वर्षी तेच वाक्य तळहाताएवढ्या वस्तूनं आपल्याला सुनवावं, आणि तेही नकाशा न दाखवता, हे त्यांना फार लागलं.

त्यांनी बंगळूरला जावयाला फोन लावला. मोहित तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि हा फोनही त्यानंच दिवाळीला आणून, सगळं जोडून, हातात दिला होता.

‘‘किती फोटो आहेत बाबा?’’

‘‘चार हजार सहाशे बारा.’’ नृसिंहराव अंदाजे असं काही सांगत नसत.

‘‘मग सगळे क्लाउडवर टाका. मी सांगतो तसं दाबत जा.’’

‘‘टाकतो. क्लाउड कुठं आहे?’’

‘‘कुठं म्हणजे?’’

‘‘म्हणजे गाव, तालुका?’’

मोहित हसला. ‘‘बाबा, तो तसा कुठंच नसतो. म्हणजे सगळीकडे असतो.’’

सगळीकडे असणाऱ्या दोनच गोष्टी त्यांना नोकरीत भेटल्या होत्या. एक परमेश्वर आणि दुसरं अतिक्रमण. पण जावयाशी वाद घालायचा नाही, हा नियम त्यांनी मैथिलीच्या लग्नापासून पाळला होता. तो सांगेल तसं ते दाबत गेले. तासाभरानं फोनवर हिरवी खूण उमटली. सगळं वर पोचलं होतं.

ही बातमी त्यांनी फाटकाशी उभं राहून शेजारच्या हंबीरराव इंगवल्यांना दिली. हंबीररावांची हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात गेली होती आणि जी वस्तू उघडून बघता येत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

‘‘वर म्हंजी ढगात?’’

‘‘हो.’’

हंबीररावांनी कपाळावर हात धरून आभाळ न्याहाळलं. पौषातलं आभाळ, धुऊन पिळून वाळत घातल्यासारखं. ‘‘अण्णा, आज तर एक बी ढग न्हाय की.’’

‘‘तसला ढग नव्हे हो.’’

‘‘मग कसला?’’

हंबीररावांनी उत्तराची वाट न बघता मुद्दा पुढं रेटला. ‘‘आन आषाढात? आपल्याकडं पंधरा पंधरा दिस धो धो. समदं गळून खाली आलं तर कुणाच्या दारात पडंल, सांगता येतंय व्हय?’’

समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या अंबूबाईंनी वरूनच माहिती पुरवली. त्यांच्या भाच्यानं लग्नाचे फोटो ढगात ठेवले होते आणि ते म्हणे विमानातनं जाणाऱ्या माणसांना खिडकीतनं दिसत होते. ‘‘जेवतानाचे सुदिक,’’ अंबूबाई म्हणाल्या.

नृसिंहराव हसले आणि घरात आले. अडाणी लोकांशी बोलण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटलं. पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं नाही, शिस्तीनं झालं, हे इथं नमूद करून ठेवलं पाहिजे.

खात्याची शिस्त अशी, की मूळ कागद अभिलेख कक्षात जमा झाला की टेबलावरची नक्कल काढून टाकायची. दोन्ही ठेवल्या की घोटाळे होतात. त्याप्रमाणे मंगळवारी सकाळी, आंघोळ-पूजा आटोपून, नृसिंहराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि फोनमधले चार हजार सहाशे बारा फोटो त्यांनी पुसायला घेतले. फोननं मध्येच विचारलं, की हे सर्व ‘सिंक’ केलेल्या ठिकाणांहूनही काढले जाईल, चालेल का? सिंक म्हणजे भांडी घासायची जागा, एवढा एकच अर्थ नृसिंहरावांना ठाऊक होता आणि तिथं त्यांचा एकही फोटो नव्हता. त्यांनी ‘होय’ दाबलं. फोन रिकामा झाला. ओटा धुऊन निघाल्यासारखं त्यांना हलकं वाटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर माई म्हणाली, ‘‘अहो, तो पाळणा जरा लावा. रविवारी स्पीकरवर नीट वाजेल का, बघू.’’

माई म्हणजे त्यांची बायको. सगळी कॉलनी तिला माईच म्हणायची. कॉलनीत गेली पंचवीस वर्षं कुठलंही बारसं माईच्या पाळण्याशिवाय झालं नव्हतं. जात-पात, भाडेकरू-मालक असलं काही तिनं बघितलं नाही. बोलावणं आलं की पदर खोचून निघायची आणि स्वतः रचलेला पाळणा म्हणून यायची. भाद्रपदात तिच्या गळ्याला गाठ निघाली. ऑपरेशन नीट होईल, पण आवाजाची खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मैथिलीला तेव्हा सातवा महिना होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माईनं नृसिंहरावांना समोर बसवलं, फोन धरायला लावला आणि नातवंडाचा पाळणा म्हणून ठेवला. ऑपरेशन नीट झालं. आवाजही आला, पण खरवडलेला. बोलायला पुरायचा, वर चढवायला गेलं की फाटायचा. बाळंतपण बंगळूरलाच झालं. आता नात दोन महिन्यांची झाली होती आणि तिचं बारसं येत्या रविवारी इथं, कोल्हापुरात, कॉलनीच्या हॉलमध्ये होतं.

नृसिंहरावांनी फोन उघडला. कोरा. त्यांनी क्लाउड उघडला. तिथं एक रिकाम्या डब्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘इथे अजून काहीही नाही’.

त्यांनी चष्मा पुसला. फोन बंद करून चालू केला. डबा रिकामाच.

‘‘वर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘उतरवायला वेळ लागतो.’’

‘‘किती?’’

‘‘रविवारच्या आत.’’

तेहतीस वर्षं लोक त्यांच्याकडे मुदत मागत आले होते. त्यांनी स्वतः कुणाकडे मुदत मागण्याची ही पहिली वेळ.

आता कुणीही म्हणेल, जावयाला एक फोन करायचा. नृसिंहरावांनाही ते सुचलं. पण सोमवारी ‘कळलं ना बाबा?’ असं मोहितनं तीनदा विचारलं होतं आणि तीनदा त्यांनी ‘त्यात काय कळायचंय’ असं उत्तर दिलं होतं. एकदा दिलेला जबाब माणसानं स्वतःच फिरवायचा? त्यांनी ठरवलं, ठेव जिथं ठेवली आहे तिथं जायचं, आणि स्वतः सोडवून आणायची.

बुधवारी त्यांनी अर्ज लिहिला. ‘मा. व्यवस्थापक, ढग विभाग यांसी. विषय: पाळणा परत मिळणेबाबत.’ त्यात पाळण्याची लांबी (चार मिनिटे अकरा सेकंद), रेकॉर्डिंगची तारीख, गाणारीचे नाव आणि धरणाऱ्याचे नाव असा सगळा तपशील होता. तीन प्रती काढून ते हंबीररावांच्या स्कूटरवर मागं बसले आणि राजारामपुरीतल्या एका मोबाइलच्या दुकानात गेले.

दुकानातल्या माणसानं अर्ज दोनदा वाचला. ‘‘काका, हे मी कुणाला देऊ?’’

‘‘वर पाठवा. आम्हाला पोच द्या.’’

‘‘पोच म्हणजे?’’

‘‘शिक्का,’’ हंबीरराव म्हणाले. ‘‘गोल असंल तर बरं.’’

दुकानात एकच शिक्का होता. तो त्यानं उमटवला. ‘वॉरंटी लागू नाही’ असं लाल अक्षरांत उमटलेली प्रत घडी घालून नृसिंहरावांनी खिशात ठेवली. तेवढ्यात त्या माणसाला नृसिंहरावांची दया आली आणि तिथं घात झाला. ‘‘सेटिंग बिघडलं असंल काका, रिसेट मारून देतो,’’ असं म्हणून त्यानं फोन घेतला आणि दहा मिनिटांनी परत दिला, तेव्हा फोन नृसिंहरावांना ओळखेनासा झाला होता. ‘नमस्कार! तुमचे स्वागत आहे. तुमची भाषा निवडा,’ असं तो म्हणत होता. घरच्या माणसानं दारात उभं करून नाव विचारावं, तसं त्यांना झालं.

गुरुवारी सकाळी हंबीरराव स्वतःहून आले. ‘‘अण्णा, घावलं! शाहूपुरीत पाटी बघितली म्या काल. क्लाउड म्हणूनच लिवलंय. मोठ्या अक्षरात.’’

पाटी होती, हे खरं. एका बोळात, बंद शटरच्या वर, क्लाउड हा शब्द आणि त्याच्यापुढं किचन. ‘‘किचन कशाला?’’ नृसिंहरावांनी विचारलं. ‘‘आसंल त्यांच्या लोकांच्या जेवणाखाण्याचं,’’ हंबीरराव म्हणाले. ‘‘म्हंजी हापिस बी जवळपासच.’’ या तर्कात नृसिंहरावांना खोट काढता आली नाही. त्यांनी बाजूचं छोटं दार ठोठावलं.

दार एका धिप्पाड बाईनं उघडलं. अंगावर एप्रन, हातात डाव, आणि मागून तिखटाचा असा लोट आला की नृसिंहरावांना पहिलं वाक्य बोलायला तीन शिंका द्याव्या लागल्या.

‘‘ऑर्डर कुठली?’’ बाईनं विचारलं.

‘‘आमचा पाळणा आहे आपल्याकडे.’’

‘‘पाळणा न्हाय बा. पुलाव हाय. तांबडा हाय, पांढरा हाय.’’

नृसिंहरावांनी अर्जाची प्रत काढून दिली. तानाबाईनं – तिचं नाव तानाबाई, आतून कुणीतरी दोनदा हाक मारली म्हणून कळलं – ती हात पुसून घेतली, लांब धरून वाचली, आणि मग गॅस बारीक करून आली. हसली नाही. हे नृसिंहरावांनी लक्षात ठेवलं.

‘‘चुकलासा काका. ह्यो तसला क्लाउड न्हवं. हितं हाटेल न्हाय, टेबलं न्हाईत, गिऱ्हाईक येत न्हाय. फोनवर सांगायचं, आमी रांधायचं, पोरं घरपोच करत्यात. म्हणून त्याला क्लाउड म्हणायचं, आसं मालक सांगतो.’’

‘‘म्हणजे जेवण कुठं शिजतं ते खाणाऱ्याला कळत नाही?’’

‘‘न्हाय कळत. पर म्हणून काय हवेत शिजतंय व्हय? चूल हाय, हंडी हाय, माजं कंबरडं हाय. तुमास्नी दिसत न्हाय, येवढंच.’’

नृसिंहराव बोळात उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा तजेला आला. तुम्हाला दिसत नाही, एवढंच! म्हणजे जागा आहे. ज्याला चूल आहे त्याला भिंत आहे, भिंतीला पाया आहे, आणि पाया ज्या जमिनीत आहे तिला गट नंबर असल्याशिवाय राहणार नाही. ‘सगळीकडे असतो’ म्हणे! अशा बोलण्याला खात्यात ‘मोघम जबाब’ म्हणत आणि तो फेटाळून लावत.

‘‘हंबीरराव, ढगाला चतुःसीमा आहे.’’

‘‘हाय?’’

‘‘पूर्वेला काय, पश्चिमेला काय, सगळं आहे. शोधायचं फक्त.’’

रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून हंबीररावांनी तांबड्या रश्श्याचं एक पार्सल घेतलं. ते येताना स्कूटरच्या हुकाला अडकवलेलं होतं आणि सायबर चौकाच्या खड्ड्यात ते नृसिंहरावांच्या पांढऱ्या लेंग्यावर रिकामं झालं. शाकाहारी माणसाच्या लेंग्यावर मटणाचा रस्सा हा काही किरकोळ प्रकार नव्हे. माईनं दारातच त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘‘क्लाउडला गेलो होतो,’’ ते म्हणाले.

माईनं नाक उडवलं, वास घेतला, आणि लेंगा बादलीत टाकायला सांगितलं. तिनं दुसरं काही विचारलं नाही. तिच्या न विचारण्यानं नृसिंहरावांना त्या दिवशी वरण-भात गोड लागला नाही.

शुक्रवारी शिरोली एमआयडीसी. हंबीररावांचा पुतण्या आदर्श तिथल्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटर सांभाळायचा आणि त्यांच्याकडं एक थंडगार खोली आहे, तिथं सगळी माहिती साठवलेली असते, असं त्यानं एकदा लग्नाच्या पंगतीत सांगितलेलं हंबीररावांना आठवलं. साठवलेली माहिती म्हणजे अभिलेख कक्ष. नृसिंहरावांनी धुतलेला शर्ट घातला, पेन लावलं.

फाटकावर वॉचमननं वही पुढं सरकवली. ‘‘नाव घाला पावणं. कुणाला भेटायचं?’’

‘‘क्लाउडला,’’ नृसिंहराव म्हणाले. निदान उद्देश तरी स्पष्ट लिहिलेला बरा.

वॉचमननं तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि ‘श्री. क्लाउडसाहेब’ असं लिहिलं. ‘‘नवीन हाईत जणू. कुठलं डिपार्टमेंट?’’

फोन लागला, आदर्श पळत आला, म्हणून बरं. त्यानं दोघांना आत नेलं. भट्टीशेजारून जाताना हंबीररावांच्या मिशासुद्धा तापल्या. लाल लोखंड ओतलं जात होतं, माणसं घामानं निथळत होती, आणि या सगळ्याच्या पलीकडं काचेच्या दाराआड एक लहानशी खोली, तिच्यात एक लोखंडी कपाट, हिरवे दिवे लुकलुकणारं, आणि त्या कपाटाला स्वतंत्र एसी.

‘‘मानसं तिकडं भाजाल्यात,’’ हंबीरराव म्हणाले, ‘‘आन कपाटाला एसी?’’

‘‘त्याला ताप सोसत न्हाय काका.’’

नृसिंहराव चपला काढून आत गेले. कपाटाच्या चारी बाजूंनी फिरले. पूर्वेला भिंत, दक्षिणेला एसी, पश्चिमेला दार. उत्तरेला आदर्श उभा होता. मग त्यांनी हळूच विचारलं, ‘‘आमचा पाळणा यात आहे?’’

‘‘न्हाय काका. ह्यात आमच्या कास्टिंगची ड्रॉइंग्ज. तुमचा असल्याच कपाटात आहे, पण दुसऱ्याच्या. मुंबईत असंल, न्हायतर परदेशात. हजारो कपाटं एका इमारतीत. ढगबिग काय न्हाय. दुसऱ्याच्या जागेतलं आपलं सामान.’’

‘‘तेच!’’ नृसिंहरावांनी टाळी वाजवली. ‘‘तेच मी सोमवारी विचारत होतो!’’

सत्य कळल्याचा आनंद मात्र फार टिकला नाही, कारण आदर्शनं पुढचा प्रश्न विचारला आणि त्यांना मंगळवारची हकिगत सांगावी लागली. ती सांगताना हंबीररावही ऐकत होते, हे जास्त वाईट.

‘‘म्हंजी तुमी सोताच पुसलासा?’’ हंबीरराव ओरडले. ‘‘आन मी आठवडाभर तुमास्नी स्कूटरवर फिरवालोय!’’

‘‘मी नक्कल पुसली. मूळ प्रत तिथं होती.’’

‘‘काका, दोन प्रती नसत्यात त्या,’’ आदर्श म्हणाला. ‘‘एकाच खोलीची दोन दारं. हिकडच्या दारानं बाहेर टाकलं की तिकडनंबी गेलं. पण थांबा, मंगळवारी पुसलंय न्हवं? मग कचऱ्याच्या डब्यात आसंल. साठ दिवस ठेवतात.’’

‘‘साठ दिवस?’’ नृसिंहरावांचा चेहरा उजळला. अपिलाची मुदतसुद्धा साठच दिवस असते. या ढगवाल्यांत कुणीतरी कायद्याचा माणूस होता तर.

आदर्शनं फोन घेतला. नाव घातलं. मग त्यानं मान वर केली. ‘‘ओटीपी मागतंय. रिसेट केलंय न्हवं, म्हणून. अठ्ठावीसनं संपणारा नंबर कुणाचा?’’

अठ्ठावीसनं संपणारा नंबर जावयाचा होता.

नृसिंहरावांनी काचेतून बाहेरच्या भट्टीकडं बघितलं. मग हंबीररावांचा फोन मागून घेतला आणि नंबर फिरवला.

‘‘मोहितराव, मी बोलतोय. तुमच्या फोनवर सहा आकडे आले असतील, ते सांगा.’’

‘‘कोण बोलतंय?’’

‘‘मी. नृसिंहराव. सासरे.’’

‘‘हा नंबर बाबांचा नाही.’’ मोहितचा आवाज कडक झाला. ‘‘आणि ओटीपी मी कुणालाही देत नाही. लाज वाटत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या नावानं फसवायला? पोलिसात देईन.’’ आणि फोन बंद.

नृसिंहराव फोनकडं बघत राहिले. जावई आपल्याला म्हातारा म्हणाला, आणि आपल्याच बाजूनं भांडताना म्हणाला, त्यामुळं रागावता येईना. त्यांनी पुन्हा फोन लावला.

‘‘मोहितराव, बंद करू नका. मीच आहे. काय वाटेल ते विचारा.’’

मोहित म्हणाला, ‘‘ठीक आहे. आमच्या लग्नाच्या दिवशी, सीमांतपूजनाच्या वेळी, बाबा सापडत नव्हते. कुठं होते?’’

नृसिंहरावांनी हंबीररावांकडं पाठ केली. ‘‘हॉलमध्ये होतो.’’

‘‘काय करत होते?’’

‘‘मापं घेत होतो.’’ आवाज खाली गेला होता.

‘‘हॉल किती कमी भरला?’’

‘‘एकशे बारा चौरस फूट!’’ हे मात्र नृसिंहरावांनी खणखणीत सांगितलं. ‘‘आणि स्टेज धरून सांगतोय. स्टेज वगळलं तर त्याहून जास्त.’’

‘‘बाबा!’’ मोहित म्हणाला. ‘‘तुम्हीच! काय झालंय? बरे आहात ना?’’

मग सांगितलं. सगळं. मधे कुठंही आडपडदा न ठेवता, पुरवणी जबाबासह. मोहित हसला नाही. तो म्हणाला, ‘‘चूक माझी आहे बाबा. तुम्ही कुठं आहे विचारलंत, तेव्हा मी नीट सांगायला हवं होतं.’’ सहा आकडे त्यानं सावकाश, दोनदा सांगितले. नृसिंहरावांनी ते तळहातावर लिहून घेतले आणि त्यांना एकाएकी हा जावई आवडला. लग्नाला चार वर्षं झाली होती.

कचऱ्याचा डबा उघडला. सगळं त्यात होतं. आदर्शनं चार हजार सहाशे बारा वस्तू परत जागेवर आणल्या आणि मग तिघं पाळणा शोधायला बसले. माईचा चेहरा असलेला व्हिडिओ. नव्हता. भाद्रपदातली तारीख बघावी, तर बहुतेक सगळ्यांवर दिवाळीचीच तारीख पडली होती. जुन्या फोनमधून नव्यात आणताना तसं झालं असावं, असं आदर्श म्हणाला. बैलपोळा होता, भाजीवाल्याशी घातलेला वाद होता, कॉलनीच्या गटाराचे विविध कोनांतून काढलेले सत्तावीस फोटो होते. माई कुठंच नव्हती. आदर्शला कामावर जायचं होतं. नृसिंहराव स्कूटरवर मागं बसले, आणि हंबीररावांनी, जन्मात पहिल्यांदा, सगळे खड्डे चुकवत त्यांना घरी आणलं.

शनिवारी दुपारी बंगळूरची मंडळी यायची होती. सकाळी अकरा वाजता नृसिंहराव स्वयंपाकघरात गेले. माई डिंकाचे लाडू वळत होती.

‘‘मी पुसला,’’ ते म्हणाले. ‘‘मंगळवारीच. तुला खोटं सांगितलं. बाकी सगळं परत आणलं, तेवढा एक नाही.’’

माईनं हातातला लाडू पूर्ण वळला आणि ताटात ठेवला. ‘‘कशावरून नाही?’’

‘‘सगळे व्हिडिओ बघितले. तू कशातच दिसत नाहीस.’’

‘‘मी दिसणारच नाही त्यात.’’ तिचा खरवडलेला आवाज हसताना आणखीनच घसरला. ‘‘चार मिनिटं तुमचं बोट होतं समोर. मी मधे खूण केली, तर तुम्ही डोळे वटारलेत, म्हणाला, रेकॉर्डिंग चालू आहे.’’

तिनं हात धुतले, चष्मा लावला आणि फोन घेतला. लालसर काळोखाचे एकूण अकरा व्हिडिओ होते. शुक्रवारी तिघांनी ते खराब म्हणून सोडून दिले होते. माईनं एकेक लावला. पहिल्यात अंबाबाईच्या देवळातली घंटा, दुसऱ्यात रंकाळ्यावरचा वारा. सातव्यात ती स्वतः खाकरली.

तिनं लगेच बंद केलं. ‘‘उद्या,’’ म्हणाली. आणि उरलेल्या डिंकाकडं वळली. नृसिंहराव तिथंच पाटावर बसले आणि न सांगता लाडू वळू लागले. ते चौकोनी होत होते, तरी माईनं ते ताटात मांडून घेतले.

रविवारी हॉल भरला. अंबूबाई पापड घेऊन आल्या, आदर्श स्पीकर घेऊन आला. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग सगळ्यांना सांगितलं, वल्लरी. घुगऱ्या वाटून झाल्या. बायकांनी सवयीनं माईकडं बघितलं, आणि मग चटकन दुसरीकडं बघितलं.

नृसिंहराव उठले. त्यांनी फोन स्पीकरला जोडला आणि दाबलं.

पहिल्यांदा त्यांचाच आवाज आला, ‘‘चालू झालं का गं?’’ आणि मागोमाग माईचा. जुना. वर चढणारा, कुठंही न अडखळणारा, कॉलनीतल्या प्रत्येक पोराला झोपवून गेलेला. ‘पंचगंगेच्या काठी गं उजाडलं बाई, पाळण्याच्या दोरीला हात लावा माई.’ मैथिलीनं तोंडावर पदर धरला. मोहित पाळण्याची दोरी ओढायची विसरला. माई खुर्चीत ताठ बसून ऐकत होती, एखाद्या परीक्षकासारखी, आणि तिसऱ्या कडव्याला तिनं किंचित मान हलवली, म्हणजे तिथं तिला सूर पसंत नव्हता.

शेवटचं कडवं आलं. ‘कोण गं जागं झालं, कोण गं हसलं? मायेच्या पाळण्यात...’

आवाज थांबला. स्पीकरमधून नुसती खरखर.

‘गेलं परत!’ असं नृसिंहरावांच्या मनात आलं आणि ते धावणार, तेवढ्यात त्यांचाच आवाज स्पीकरवर म्हणाला, ‘‘अगं, नाव राहिलं!’’

‘‘राहू दे,’’ त्या स्वच्छ आवाजातली माई म्हणाली. ‘‘अजून ठेवलंय कुठं? ते मी बारशाला म्हणेन.’’

रेकॉर्डिंग संपलं. हॉलमध्ये दोनशे माणसं होती, पण कुणी पाण्याचं भांडंसुद्धा खाली ठेवलं नाही.

माई उठली. पाळण्याशी गेली, मोहितच्या हातातून दोरी घेतली. खाकरली. आणि जो आवाज तिच्याकडं होता, त्याच आवाजात म्हणाली, ‘मायेच्या पाळण्यात वल्लरी हसली.’ वरच्या सुराला तो दोन ठिकाणी फाटला. वल्लरी हसली नाही; डोळे मोठे करून आजीकडं बघत राहिली.

‘‘आई, अजून एकदा,’’ मैथिली म्हणाली.

माईनं पुन्हा सुरू केलं, आणि या खेपेला वरच्या सुराशी ती पोचायच्या आत बायकांनी मागून तो उचलून धरला.